जुन्या छायाचित्रांची धूसरता काढताना कडांभोवती उठणाऱ्या लहरी कशा आवराव्यात

कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावरून घेतलेले एखादे जुने कृष्णधवल छायाचित्र डोळ्यांसमोर आणावे. वर उजळ आकाश, मध्ये पाणी आणि त्यात संध्यामठाचा दगडी मंडप, तळाला घाटाच्या काळ्या पायऱ्या. कॅमेरा किंचित हलल्यामुळे सगळेच थोडे पुसट आले आहे. हे छायाचित्र स्कॅन करून त्यावर धूसरता काढण्याची क्रिया चालवली, की मंडपाचे खांब खरोखरच स्पष्ट होतात. पण त्याच वेळी आकाशाच्या वरच्या टोकाला आडव्या काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात, खांबांभोवती पाण्यात खडा टाकल्यासारखी वलये दिसू लागतात आणि अगदी खालच्या पायरीवर काहीही कारण नसताना उजेडाची पट्टी चढते. अशा वेळी नवशिक्याला वाटते की आपण क्रियेचा जोर जास्त ठेवला. तो जोर कमी करतो, लहरी कमी होतात आणि त्यांच्याबरोबर मिळालेली स्पष्टताही जाते.

या लहरींपैकी बऱ्याचशा क्रियेच्या जोरामुळे उठत नाहीत. त्या क्रियेपूर्वीच्या तयारीत राहिलेल्या चुकांमुळे उठतात, आणि म्हणून त्यांचा बंदोबस्तही आधीच करावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांनंतर घरातले भिजलेले अल्बम वाळवून, स्कॅन करून ठेवण्याची निकड ज्यांना जाणवली, किंवा ज्यांच्याकडे तालमीतले, नाटक-सिनेमाच्या काळातले जुने फोटो पडून आहेत, अशा कोल्हापूरकरांना डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत लिहिली आहे. गणित फारसे लागणार नाही. पण सवड लागेल.

काठ, कड आणि बिंदुठसा

आधी शब्दांची वाटणी करून घेऊ. या लेखात चित्राच्या चौकटीच्या बाहेरच्या सीमेला ‘काठ’ म्हटले आहे, साडीला असतो तसा. आणि चित्राच्या आतल्या वस्तूंच्या, म्हणजे फेट्याच्या, खांबाच्या, हनुवटीच्या सीमारेषेला ‘कड’ म्हटले आहे. इंग्रजी माहितीपत्रकांत पुष्कळदा दोन्हींना एकच शब्द वापरलेला असतो आणि त्यामुळे काठाचा उपाय कडेवर आणि कडेचा काठावर करून पाहण्यात वेळ जातो. मराठीत ही अडचण नाही, तेव्हा तिचा फायदा घ्यावा.

धूसर चित्रात मूळ दृश्यातला प्रत्येक बिंदू आपल्या जागेवर न राहता आजूबाजूला पसरलेला असतो. कॅमेरा हलला असेल तर तो रेघेसारखा पसरतो, फोकस चुकला असेल तर गोल चकतीसारखा. या पसरण्याच्या आकाराला पॉइंट स्प्रेड फंक्शन म्हणतात. आपण त्याला बिंदुठसा म्हणू. धूसरता काढणे, म्हणजेच डीकॉन्व्होल्यूशन, याचा अर्थ इतकाच की बिंदुठसा माहीत आहे असे धरून पसरलेला उजेड पुन्हा जागेवर गोळा करणे. संगणक ठाम समजूत धरून बसतो की समोरच्या चित्रातली प्रत्येक गोष्ट याच बिंदुठशातून पसरून आलेली आहे.

ही समजूत जिथे खोटी ठरते तिथे लहरी उठतात. म्हणून चित्रातल्या प्रत्येक ठळक कडेविषयी एकच प्रश्न विचारण्याची सवय लावावी: ही कड धूसरतेच्या आधीची आहे की नंतरची? मंडपाचा खांब कॅमेरा हलण्याच्या आधीपासून तिथे होता. तो पसरला आहे, त्याला गोळा करता येईल. फोटोवर नंतर पडलेला ओरखडा मात्र पसरलेला नाही, तो तीक्ष्णच आहे. त्यालाही गोळा करायला गेलो, की इतकी तीक्ष्ण रेघ पसरूनही तीक्ष्ण कशी राहिली याचा हिशेब जुळवण्यासाठी संगणक तिच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने काळे आणि पांढरे पट्टे ओततो. चित्राचा काठ हीसुद्धा अशीच नंतरची कड आहे, कारण चौकटीबाहेरचे दृश्य कापले गेले ते उजेड पसरून झाल्यावर. पुढच्या साऱ्या पायऱ्या या एका प्रश्नातून निघतात.

स्कॅन करताना

फोटो स्कॅनरवर ठेवण्यापूर्वी काच आणि फोटो दोन्ही मऊ ब्रशने झाडून घ्यावेत. पुरात भिजून काचेला किंवा दुसऱ्या फोटोला चिकटलेला फोटो ओढून सोडवू नये. तो तसाच काचेसह स्कॅन करावा आणि सोडवण्याचे काम जाणकारावर सोपवावे. हे सोडले तर स्कॅनिंगचे नियम थोडेच आहेत. ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० बिंदू), राखाडी छटांसाठी १६ बिट, फाइल टिफ स्वरूपात. स्कॅनरच्या प्रोग्रॅममधली आपोआप तीक्ष्ण करणारी, धूळ काढणारी आणि उजेड सुधारणारी सारी बटणे बंद करावीत. यांतले तीक्ष्ण करणारे बटण विशेष घातक आहे, कारण ते प्रत्येक कडेच्या बाजूला स्वतःची एक बारीक प्रभावळ घालून ठेवते. ती प्रभावळ धूसरतेनंतरची असते आणि डीकॉन्व्होल्यूशन तिला दुप्पट-तिप्पट फुगवते.

जेपेग फाइलवर हे काम करू नये. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडून प्रत्येकातले बारीक तपशील कमी करते. चौकोनांच्या सीमा आणि कडांजवळची बारीक ठिपक्यांची कुजबुज साध्या डोळ्यांना दिसत नसली तरी क्रियेनंतर ती जाळीसारखी उघडी पडते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो तर दोनदा-तीनदा दाबलेला असतो. नातेवाइकांकडे मूळ प्रत असेल तर ती मागवून घ्यावी, किंवा निदान फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी.

स्कॅन करताना फोटोच्या चारही बाजूंना निदान पाच मिलिमीटर जादा जागा घ्यावी. फोटोचा पांढरा काठ असेल तर तोही पूर्ण येऊ द्यावा. त्याचे पुढे काय करायचे हे धूसरता कुठून आली यावर अवलंबून आहे आणि ते स्कॅन बघूनच ठरते.

धूसरता कुणाची, हे पाहावे

फोटोच्या पांढऱ्या काठाची आतली कड भिंगाखाली किंवा पडद्यावर मोठी करून पाहावी. चेहरे पुसट आहेत पण पांढऱ्या काठाची रेघ चाकूने कापल्यासारखी स्वच्छ आहे, अशी स्थिती असेल तर धूसरता मूळ कॅमेऱ्यातली आहे आणि पांढरा काठ नंतर कागदावर छापताना आलेला आहे. याउलट चेहऱ्यांइतकीच पांढऱ्या काठाची रेघही पुसट असेल, तर फोटोवरून पुन्हा फोटो काढताना फोकस चुकलेला असण्याचा संभव मोठा. स्टुडिओत जुन्या फोटोची प्रत काढून घेण्याची पद्धत होती, त्यामुळे असे नग बरेच मिळतात.

दुसऱ्या प्रकारात आपले नशीब चांगले. पांढरा काठही त्याच बिंदुठशातून पसरलेला आहे, म्हणून तो ठेवूनच क्रिया करावी; चित्राबाहेरची खरी माहिती तो पुरवतो आणि काठाच्या लहरी जवळजवळ उठतच नाहीत. पहिल्या प्रकारात पांढरा काठ आधी कापून टाकलाच पाहिजे. एका तालमीच्या सामूहिक फोटोवर काम करताना माझ्याकडून तो राहून गेला होता. मागच्या रांगेतल्या मल्लांच्या डोक्यांवर फोटोच्या वरच्या काठाला समांतर पाच-सहा रेघा उमटल्या, आणि क्रियेचे आकडे बदलून बदलून मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. दोष आकड्यांत नव्हताच. कापताना दोन-तीन पिक्सेल आतून कापावे, म्हणजे पांढऱ्याची तीट राहत नाही.

नंतर आलेल्या कडा आधी मिटवाव्यात

आता चित्राच्या आतल्या ‘नंतरच्या’ कडांचा शोध घ्यावा. धुळीचे कण, ओरखडे, घडीच्या रेघा, बुरशीचे ठिपके, पुराच्या पाण्याने सोडलेली गाळाची किनार, स्टुडिओचा उठावाचा शिक्का, कोपऱ्यात शाईने लिहिलेली नावे आणि तारीख, ही सगळी धूसरतेनंतर आलेली आहेत. गिम्प या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममधल्या ‘हील’ किंवा ‘क्लोन’ या साधनांनी ती एकेक करून मिटवावीत. ओरखडे शेवटी काढू असे बहुतेकांना वाटते. तसे केल्यास दोन पिक्सेलांचा ओरखडा क्रियेनंतर आपल्या लहरींसह पंचवीस पिक्सेल रुंद झालेला सापडतो. शाईचा मजकूर कागदोपत्री पुरावा म्हणून जपायचा असेल तर मूळ स्कॅनमधून तो वेगळ्या थरात उचलून ठेवावा आणि काम संपल्यावर पुन्हा वर बसवावा.

स्टुडिओतल्या कलाकाराने डोळ्यांच्या बाहुल्या, भुवया किंवा मिशा ब्रशने गडद केलेल्या असतील तर मात्र पेच पडतो. त्या मिटवणे म्हणजे चेहराच मिटवणे. अशा जागा मुखवटा (मास्क) करून क्रियेतून वगळाव्यात आणि तिथे मूळ स्कॅनच राहू द्यावा. जुन्या चेहऱ्यांवर हे हस्तकाम आपल्या अपेक्षेपेक्षा जास्त असते, हे भिंगाखाली पाहिल्यावर कळते.

कागदाचा पोतही याच जातीचा. जाळीदार पृष्ठाच्या कागदावरचा फोटो एकदा सरळ आणि एकदा १८० अंशांत फिरवून स्कॅन करावा, दोन्ही प्रतिमा नीट जुळवून त्यांची सरासरी घ्यावी. स्कॅनरच्या दिव्याने पडलेल्या उंचवट्यांच्या सावल्या दोन्हींत विरुद्ध बाजूंना असल्यामुळे बऱ्याच अंशी निघून जातात.

उरली ती जळालेली पांढरी जागा. उन्हातला पांढरा फेटा किंवा पाण्यावरची चमक जिथे कागदाच्या पांढऱ्याच्या पलीकडे जाऊ शकलेली नाही, तिथे उजेड पसरल्यानंतर वरून छाटला गेला आहे. या छाटीची कडही नंतरची असते आणि तिच्याभोवती काळे कडे उमटते. याला खरा उपाय नाही. ती जागा आणि तिच्याभोवती बिंदुठशाच्या रुंदीइतकी पट्टी मुखवट्यात घालावी, हेच बरे.

काठापलीकडे काय आहे, हे संगणकाला आपण सांगावे

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे काम हे आहे आणि नवशिके नेमके तेच वगळतात. काठाजवळच्या पिक्सेलमध्ये चौकटीबाहेरच्या दृश्यातूनही उजेड आलेला असतो. बिंदुठसा १५ पिक्सेल रुंद असेल तर काठापासून सात पिक्सेलांपर्यंतच्या पट्टीत बाहेरचा उजेड मिसळलेला असणार. तो कुठून आला हे संगणकाला ठाऊक नसते, म्हणून तो काहीतरी गृहीत धरतो. काही प्रोग्रॅम बाहेर काळोख आहे असे धरतात. फूरिये रूपांतरावर, म्हणजे चित्र लहान-मोठ्या लहरींत मोडून मांडणाऱ्या गणितावर, चालणारे प्रोग्रॅम त्याहून विचित्र गोष्ट धरतात: चित्र वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे गुंडाळलेले आहे, म्हणजे वरच्या काठाच्या पलीकडे लगेच तळाचा काठ सुरू होतो. रंकाळ्याच्या आपल्या चित्रात उजळ आकाशाला घाटाचा काळा दगड चिकटतो. एवढी मोठी उडी खऱ्या दृश्यात कधी नव्हतीच. तिच्या लहरी वरून आकाशात आणि खालून पायऱ्यांत शिरतात.

हा सांधा स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. गिम्पमध्ये ‘ऑफसेट’ नावाची आज्ञा आहे. तिथे रुंदी आणि उंचीच्या निम्म्याने चित्र सरकवावे आणि बाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूने आत येईल असा पर्याय निवडावा. चित्राच्या मधोमध जो क्रॉस दिसेल तोच संगणकाला दिसणारा सांधा. क्रॉस जितका ठळक, तितक्या लहरी जोरदार. पाहून झाले की ही कृती परत फिरवावी.

उपाय असा की क्रियेपूर्वी चित्राला चारही बाजूंनी जादा पट्टी जोडायची, क्रिया त्या वाढीव चित्रावर चालवायची आणि शेवटी पट्टी कापून टाकायची. उद्यमनगरातल्या फाउंड्रीत ज्याने काम पाहिले आहे त्याला ही कल्पना नवी वाटणार नाही. ओतकामाचा नग नेमक्या मापाचा ओतत नाहीत. यंत्रावर कातून काढण्यासाठी वर थोडा जादा धातू ठेवतात आणि पृष्ठभागावरचे बरेचसे दोष त्या कातणात निघून जातात. आपली पट्टी म्हणजे तेच कातण आहे.

पट्टीत काय भरायचे? एकच रंग भरला तर काठावर पुन्हा उडी तयार होते. काठाचा शेवटचा पिक्सेलच पुढे ओढत नेला तर उडी जाते, पण कागदाचे कण लांब रेघांत बदलतात. सर्वसाधारणपणे आरशातले प्रतिबिंब भरणे उत्तम: काठापासून आत जे आहे तेच उलट क्रमाने बाहेर मांडायचे. पायथन वापरणाऱ्यांना नमपायच्या ‘पॅड’ या फंक्शनमध्ये ‘सिमेट्रिक’ हा पर्याय मिळेल. ओपनसीव्हीमध्येही अशी सोय आहे. प्रतिबिंबात तिरकी रेघ काठावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी मोडते, हा त्याचा दोष. पण उजेडाची उडी नसल्यामुळे उठणाऱ्या लहरी पुष्कळच क्षीण असतात.

पट्टीची रुंदी बिंदुठशाच्या रुंदीइतकी तरी हवीच. वारंवार फेऱ्या मारणारी पद्धत वापरणार असाल तर तिप्पट-चौपट ठेवावी, कारण प्रत्येक फेरीगणिक काठाची चूक आत सरकते. ४ × ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयला २४०० × ३६०० म्हणजे ८६ लाख ४० हजार पिक्सेलांचा होतो. १५ पिक्सेलांच्या बिंदुठशासाठी चारही बाजूंना ६० पिक्सेलांची पट्टी जोडली तर चित्र २५२० × ३७२० होते, म्हणजे काम साडेआठ टक्क्यांनी वाढते. एवढ्यासाठी कंजुषी करू नये.

फूरिये रूपांतर वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. प्रतिबिंब जोडल्यावर सांधा नाहीसा होत नाही, फक्त ६० पिक्सेल दूर जातो. म्हणून पट्टीतले चित्र बाहेरच्या टोकाकडे हळूहळू सरासरी राखाडीत विरघळवावे. काठापाशी वजन १ आणि बाहेरच्या टोकाला ० असे अर्ध्या कोसाइनच्या वक्राने उतरवत न्यायचे. प्रत्येक पिक्सेलची नवी किंमत म्हणजे वजन गुणिले प्रतिबिंब, अधिक उरलेले वजन गुणिले सरासरी. मग सगळीकडे टोकाला एकच राखाडी भेटते आणि गुंडाळी बिनसांध्याची होते. मॅटलॅब या गणिती प्रोग्रॅममध्ये ‘एजटेपर’ नावाचे फंक्शन याच हेतूने दिलेले आहे. ते काठाचा भाग बिंदुठशानेच धूसर करून मूळ चित्रात मिसळते. संपूर्ण चित्राचेच आडवे आणि उभे प्रतिबिंब घेऊन चार चित्रांची चौकट केली तर सांधा मुळीच उरत नाही, मात्र पिक्सेल चौपट होतात. मोठ्या स्कॅनला आणि जुन्या लॅपटॉपला ते झेपत नाही.

बिंदुठशाचे माप

बिंदुठसा चित्रातच शोधावा. डोळ्यातली चमक, नथीतला खडा, चष्म्याच्या फ्रेमवरचा ठिपका, दूरचा दिवा, असा मुळात बारीक असलेला उजळ बिंदू मोठा करून पाहावा. तो तिरपा ताणलेला असेल तर कॅमेरा त्या दिशेने हलला आहे; गोल फुगलेला असेल तर फोकस चुकला आहे. चमक १४ पिक्सेल लांब आणि ५ पिक्सेल रुंद दिसली, तर तिचा स्वतःचा आकार ५ धरून हालचाल सुमारे ९ पिक्सेलांची होती असे समजावे. चित्रात दोन-तीन ठिकाणी ताणाची दिशा वेगळी आढळली तर बहुधा माणूस हलला आहे, कॅमेरा नव्हे. अशा फोटोवर एकच बिंदुठसा चालणार नाही आणि भाग पाडूनच काम करावे लागेल.

माप शंकास्पद असेल तेव्हा लहान माप निवडावे. लहान मापाने थोडी धूसरता शिल्लक राहते. मोठ्या मापाने प्रत्येक कडेला दुसरी खोटी कड फुटते आणि ती कितीही हुशारीने पुसली तरी जात नाही.

प्रत्यक्ष क्रिया

नवशिक्यांसाठी दोन पद्धती पुरेशा आहेत. वीनर पद्धत एका झटक्यात उत्तर देते आणि तिच्यात नॉइजचा, म्हणजे चित्रातल्या दाणेदार खळबळीचा, तोल सांगणारा एक आकडा असतो. तो वाढवला की चित्र मवाळ होते आणि लहरी घटतात. रिचर्डसन-ल्युसी पद्धत फेऱ्याफेऱ्यांनी उत्तराकडे सरकते. ती विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन ल्युसी यांनी १९७४ मध्ये मांडली. हबल दुर्बीण १९९० मध्ये अवकाशात गेली तेव्हा तिचा मुख्य आरसा काठाकडे सुमारे २.२ मायक्रोमीटर जास्त सपाट घासला गेल्याचे उघड झाले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अवकाशवीरांनी दुरुस्ती करेपर्यंत खगोलशास्त्रज्ञांनी धूसर चित्रे सुधारण्यासाठी या पद्धतीचा मोठा आधार घेतला. तेजस्वी ताऱ्याभोवती उजळ पार्श्वभूमीवर काळे कडे उमटण्याचा तिचा दोषही तेव्हाच चांगला ओळखीचा झाला. आपल्याला तो नथीच्या खड्याभोवती भेटतो.

पायथनच्या सायकिट-इमेज संग्रहात दोन्ही पद्धती तयार आहेत. प्रोग्रॅम लिहायचा नसेल त्यांना गिम्पवरच्या जी-मिक प्लगइनमध्ये आणि रॉथेरपी या प्रोग्रॅममध्ये रिचर्डसन-ल्युसी मिळेल. मात्र तिथे बिंदुठसा गोल असतो, त्यामुळे हललेल्या फोटोला तो बसत नाही. तयार फंक्शन वापरले म्हणून काठाची तयारी टळत नाही. सायकिट-इमेजची वीनर पद्धत चित्र गुंडाळलेले धरते आणि रिचर्डसन-ल्युसी बाहेर काळोख धरते. पट्टी दोन्हींना आपणच जोडायची असते.

क्रियेपूर्वी चित्र रेषीय उजेडात आणावे. पडद्यासाठी साठवलेल्या फाइलमध्ये गॅमा नावाचा वक्र लावलेला असतो, ज्यामुळे आकडा दुप्पट झाला म्हणजे उजेड दुप्पट झाला असे राहत नाही. लेन्समध्ये मिसळतो तो उजेड, फाइलमधले आकडे नव्हेत. वक्र उलटवला नाही तर गडद-उजळ कडेच्या एका बाजूला लहर जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी दिसते. जुन्या छापील फोटोत कागदाच्या रसायनाचा स्वतःचा वक्रही असतो, त्यामुळे ही दुरुस्ती अंदाजाचीच राहते. तरी केलेली बरी. रंगीत फोटो असेल तर क्रिया फक्त उजेडाच्या थरावर करावी, नाहीतर कडांना हिरवी-जांभळी किनार लागते.

रिचर्डसन-ल्युसीच्या दहा फेऱ्या घ्याव्यात आणि फाइल जतन करावी. मग वीस, मग चाळीस. तिन्ही शेजारी ठेवून शंभर टक्के आकारात पाहाव्यात. चाळिसावी बहुधा पहिल्या नजरेत आवडते आणि दुसऱ्या दिवशी आवडत नाही. कागदाचे कण दाण्यांसारखे गोळा होऊ लागले, की आपण एक टप्पा जास्त गेलो असे समजावे.

तरीही उरलेल्या लहरी

आधीच्या कडांभोवतीही थोडी लहर राहतेच, आणि त्याचे कारण खोलवरचे आहे. धूसरतेने अगदी बारीक तपशील कायमचे गिळलेले असतात. त्या बारीक तपशिलांशिवाय तीक्ष्ण कड रचायला गेले, की कडेच्या दोन्ही अंगांना उसळी येते. हेन्री विल्ब्रहॅम यांनी हे १८४८ मध्ये दाखवले होते, पण पुढे विलर्ड गिब्ज यांचे नाव त्याला चिकटले. ही उसळी उडीच्या सुमारे ९ टक्के असते. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा या मापात काळ्या कोटाची किंमत ६० आणि पांढऱ्या सदऱ्याची २०० असेल तर उडी १४०. म्हणजे कोटाच्या बाजूला ४७ ची काळी रेघ आणि सदऱ्याच्या बाजूला २१३ ची पांढरी रेघ अपेक्षित धरावी. यापेक्षा बरीच मोठी उसळी दिसली तर बिंदुठसा चुकला आहे किंवा ती कड नंतरची आहे, आणि मागे जाऊन तेच तपासावे.

उसळी आवरण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती मर्यादेची आहे. सुधारलेल्या चित्रातला प्रत्येक पिक्सेल घ्यायचा आणि मूळ धूसर चित्रात त्याच जागेभोवती बिंदुठशाएवढ्या खिडकीतली सर्वांत कमी व सर्वांत जास्त किंमत पाहायची. सुधारलेली किंमत त्यांच्या बाहेर गेली असेल तर मर्यादेवर आणून ठेवायची. कड तीक्ष्ण राहते आणि प्रभावळ बरीचशी जाते. पण केसांच्या बटा, मिशीची टोके, साडीच्या काठावरची नक्षी यांसारखे बारीक तपशील धूसर चित्रात फिकट झालेले असतात, त्यांना मर्यादेबाहेर जाण्याची गरज असते. म्हणून मर्यादा पाच-सात अंकांनी सैल ठेवावी आणि चेहऱ्यावर ती वेगळी ठरवावी.

१९९२ मध्ये रुडिन, ओशर आणि फातेमी यांनी मांडलेली टोटल व्हेरिएशन पद्धत, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांतले एकूण चढउतार कमी ठेवणारी पद्धत, लहरी दाबण्यात जास्त समर्थ आहे. भिंती, आकाश, इमारती यांना ती शोभते. माणसांच्या चेहऱ्यांवर तिचा हात जरा जड पडला की गाल मेणाचे होतात. आजोबांच्या सुरकुत्या गेल्या की घरातली माणसे फोटो ओळखत नाहीत, तेव्हा इथे लहर पत्करावी आणि सुरकुती राखावी असे माझे मत आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने मोठे चित्र तुकड्या-तुकड्यांनी हाताळतात. तुकडे एकमेकांवर पुरेसे चढवलेले नसतील तर चित्राच्या मधोमध नवे काठ तयार होतात, शिवाय नसलेले डोळे-दात काढून देण्याची त्यांना खोड आहे.

तपासणी आणि जतन

जोडलेली पट्टी आता कापावी. मग लहरी कुठे उरल्या ते बघावे: चौकटीला समांतर रेघा असतील तर काठाची तयारी कमी पडली, वस्तूभोवती वलये असतील तर बिंदुठसा किंवा नंतरची कड, आणि आठ-आठ पिक्सेलांवर जाळी दिसत असेल तर मूळ फाइल कुठेतरी जेपेगमधून गेलेली आहे. काठाजवळ अगदीच थोडी लहर उरली तर सुधारलेले चित्र वर आणि मूळ स्कॅन खाली ठेवून काठाकडच्या वीस-तीस पिक्सेलांत मुखवट्याने वरचे चित्र विरघळवावे. काठ जरासा पुसट राहिलेला कुणाच्या ध्यानात येत नाही. रेघा मात्र फ्रेम भिंतीवर लावल्यावरही दिसतात.

मूळ स्कॅनला हात न लावता सुधारलेली प्रत वेगळ्या नावाने १६ बिट टिफमध्ये ठेवावी, आणि तिच्याशेजारी एका साध्या मजकूर फाइलमध्ये बिंदुठशाचे माप, पट्टीची रुंदी, फेऱ्यांची संख्या आणि मुखवट्यात घातलेल्या जागा लिहून ठेवाव्यात. नातेवाइकांसाठी जेपेग सर्वांत शेवटी, नव्वदच्या वर गुणवत्ता ठेवून काढावे.